लोणारचं गुलाबी पाणी आणि आभाराची यादी

2020 हे वर्ष वाया गेलं असं तुम्हीही म्हणत असाल. लॅब बंद, फेलोशिप रखडलेली, घरात आजारपण. मग आभार मानायचे कशाचे?

त्याच जूनमध्ये आपल्या जिल्ह्यातलं लोणार सरोवर गुलाबी झालं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले. कारण निघालं हॅलोआर्किया, म्हणजे खारट पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव. पाणी आटलं, क्षार वाढले आणि ते फोफावले. नमुना स्थिर ठेवला तर जीव तळाशी बसले, पाणी पुन्हा नितळ! इतक्या कठीण वर्षातही एक प्रश्न सुटला. माझ्या यादीत तो पहिला आहे.

अशा यादीवरही संशोधन झालंय. एमन्स आणि मॅककलो यांनी 2003 च्या शोधनिबंधात विद्यार्थ्यांचे तीन गट केले. 10 आठवडे एका गटाने आभार मानावेत अशा गोष्टी लिहिल्या, दुसऱ्याने कटकटी, तिसऱ्याने नुसत्या घडामोडी. पहिला गट आयुष्याबद्दल जास्त समाधानी दिसला. तिसरा गट कशाला? तो नसता तर कृतज्ञतेने बरं वाटलं की कटकटी लिहून वाईट वाटलं, हे कळलंच नसतं.

पण जपून वाचा. समाधान किती, हे त्या विद्यार्थ्यांनी स्वतःच सांगितलेलं आहे. शिवाय यादीमुळे गेलेलं माणूस परत येत नाही, अडकलेली फेलोशिपही मिळत नाही. ती तक्रार करायचीच.

तरी आठवड्यातून एकदा लॅबवहीच्या मागच्या पानावर पाच ओळी लिहून बघा. कोणी डेटा पाठवला, कोणी डबा दिला, नेमकं लिहा.