यकृतातलं तांबं

आपल्या सबंध अंगात मिळून तांबं असतं जेमतेम १०० मिलिग्रॅम. चिमूटभर मीठ याहून जास्त भरेल. पण एवढ्याशा तांब्यावाचून शरीराचं पान हलत नाही. प्राणवायू वापरून पेशीला ऊर्जा मिळवून देणाऱ्या यंत्रणेत ते आहे, केसांना काळा रंग देणाऱ्या विकरात आहे, रक्तवाहिन्यांच्या भिंती मजबूत करणाऱ्या विकरातही आहे. आणि हेच तांबं पेशीत मोकाट सुटलं, तर तिचं वाटोळं करतं. म्हणून पेशी त्याला मोकळं सोडतच नाही. १९९९ साली शास्त्रज्ञांनी यीस्टच्या पेशीत याचा हिशेब मांडला, तेव्हा मोकळ्या तांब्याचं प्रमाण पेशीमागे एका अणूपेक्षाही कमी निघालं. एक अणू एका प्रथिनाच्या हातून सुटतो, तो थेट दुसऱ्याच्या हाती पडतो.

या सगळ्या पहाऱ्याचं मुख्य ठाणं म्हणजे यकृत. डाळी, तीळ, काजू, धान्यं यांतून रोज एक-दोन मिलिग्रॅम तांबं पोटात जातं. आतड्यातून शोषलेलं हे तांबं रक्तावाटे आधी यकृताकडे येतं. यकृताच्या पेशीत शिरताच एक छोटं वाहक प्रथिन ते ताब्यात घेतं आणि एटीपी७बी नावाच्या मोठ्या प्रथिनाकडे सोपवतं.

या एटीपी७बीचं काम समजून घेतलं तेव्हापासून मला यकृताविषयी निराळाच आदर वाटू लागला आहे. एरवी ते पेशीच्या आत एका ठिकाणी बसून सेरुलोप्लाझ्मिन या प्रथिनात तांबं बसवत असतं, प्रत्येकात सहा-सहा अणू. तयार माल रक्तात जातो. पण पेशीत तांबं वाढू लागलं की हेच प्रथिन आपली जागा सोडतं, पेशीच्या ज्या कडेला पित्तरसाची बारीक नळी सुरू होते तिकडे सरकतं आणि जादा तांबं पित्तात ओतू लागतं. तांबं उतरलं की पुन्हा जागेवर. यासाठी मेंदूकडून हुकूम येत नाही. किती तांबं झालं आणि कुठे जायचं हे त्या प्रथिनाच्या घडणीतच आहे. पित्तातून आतड्यात आणि तिथून शौचावाटे बाहेर, हीच तांब्याची खरी वाट. लघवीतून जातं ते नगण्य.

हल्ली गल्लोगल्ली 'डिटॉक्स'चे हिरवे रस मिळतात. रस प्यायला हरकत नाही. पण विष बाहेर काढणं म्हणजे प्रत्यक्षात काय, तर हे असं एकेक प्रथिन आपल्या जागी, आपल्या वेळी हलणं. ते नीट हलणार की नाही, हे आईबापांकडून आलेल्या जनुकांवर ठरतं.

एटीपी७बीचं जनुक आपल्या तेराव्या गुणसूत्रावर आहे. त्याची ओळख पटली १९९३ साली. त्यावरून १,४६५ अमिनो आम्लांची साखळी तयार होते. हे जनुक बिघडून आजारी पडलेल्या युरोपातल्या रुग्णांत सर्वांत जास्त आढळणारा बिघाड त्यातल्या १,०६९व्या जागी आहे: तिथे हिस्टिडीन हवं, ग्लुटामीन येतं. मूळ जनुकात बदललेलं असतं एकच अक्षर. प्रथिन तयार होतं, पण त्याची घडी नीट बसत नाही. चीन-जपानकडच्या लोकांत हा बिघाड वेगळ्या जागी, भारतीय घराण्यांत आणखी वेगळ्या जागी. आजवर ५००हून अधिक प्रकार सापडले आहेत.

प्रत्येकाकडे या जनुकाच्या दोन प्रती असतात आणि एक चांगली असली की भागतं. साधारण ९० माणसांत एक जण बिघडलेली प्रत घेऊन वावरतो आणि त्याला कधी काही होत नाही. दोन्ही प्रती बिघडलेल्या असल्या तरच आजार होतो, ढोबळमानाने ३०,०००त एकाला. आते-मामे भावंडांची लग्नं होत आलेल्या घरांत ही शक्यता वाढते, कारण एकाच आजोबा-आजीची बिघडलेली प्रत दोन्ही बाजूंनी नातवंडात उतरू शकते.

या आजाराला विल्सनचं नाव आहे. लंडनच्या क्वीन स्क्वेअरच्या रुग्णालयातले तरुण डॉक्टर सॅम्युअल किनिअर विल्सन यांनी १९१२ साली काही तरुण रुग्णांचं वर्णन केलं: हात थरथरतात, बोलणं अडखळतं, अंग ताठरतं. हे रुग्ण हयात असताना कोणाला यकृताचा संशयही आला नव्हता. शवविच्छेदनात मात्र यकृत गाठीगाठींचं, सुकलेलं निघालं. पित्तात जायचं तांबं आधी यकृतात साठतं, यकृत भरलं की रक्तात उतरतं आणि मेंदूत जाऊन बसतं, हे कळायला आणखी काही दशकं लागली. डोळ्यांत मात्र ते उघड दिसत होतं. १९०२ आणि १९०३ साली कायझर आणि फ्लायशर या जर्मन डॉक्टरांनी अशा रुग्णांच्या बुबुळाच्या कडेला सोनेरी-तपकिरी, कधी हिरवट कडं नोंदवलं होतं. ते कडं तांब्याचंच. डोळ्यांचे डॉक्टर दिव्याची बारीक तिरीप टाकून ते आजही शोधतात, आणि उपचार लागू पडला की ते हळूहळू विरतं.

याच जनुकाचं एक जुळं भावंड आहे, एटीपी७ए. ते आतड्यातून तांबं रक्तात सोडतं. ते बिघडलं की उलटंच होतं: बाळ तांब्यावाचून उपाशी राहतं. हा मेंकेसचा आजार. त्यातल्या बाळांचे केस राठ आणि पिळवटलेले असतात. मेलबर्नच्या डेव्हिड डँक्स यांना ऑस्ट्रेलियातल्या मेंढ्यांची लोकर ठाऊक होती. तांबं कमी असलेल्या कुरणात चरणाऱ्या मेंढ्यांची लोकर अशीच बिघडते. त्या साम्यावरून त्यांनी १९७२ साली या आजाराचं मूळ ओळखलं.

आता पुण्याकडे येऊ. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून भारतातले डॉक्टर लहान मुलांच्या एका जीवघेण्या आजाराच्या नोंदी ठेवत होते. सहा महिन्यांपासून चार-पाच वर्षांपर्यंतचं मूल चिडचिडं होतं, पोट फुगतं, हाताला कडक, धारदार कडेचं यकृत लागतं. कावीळ झाली की काही महिन्यांत सगळं संपतं. एकाच घरात दोन-दोन, तीन-तीन मुलं जात. १९७८ साली लंडनमध्ये या मुलांच्या यकृताचे काप ऑर्सीन या रंगाने रंगवून पाहिले, तेव्हा पेशी काळपट-तपकिरी कणांनी भरलेल्या दिसल्या. ते कण तांबं धरून ठेवणाऱ्या प्रथिनाचे होते. निरोगी यकृतात वाळलेल्या ग्रॅममागे ५० मायक्रोग्रॅमपर्यंत तांबं असतं. या मुलांत ते हजाराच्या घरात होतं.

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातले डॉ. आनंद पंडित, डॉ. शीला भावे आणि इंग्लंडचे डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी मग आयांना अगदी घरगुती प्रश्न विचारले. बाळाला वरचं दूध कधी सुरू केलं? कोणत्या भांड्यात तापवलं? उत्तरात पुन्हा पुन्हा पितळेचं पातेलं आलं, बिनकल्हईचं, आणि दूधही अगदी लवकर सुरू केलेलं.

कल्हई ज्यांनी पाहिली आहे त्यांना ती आठवेल. भात्याने कोळसे फुलवायचे, पातेलं तापवायचं, आत नवसागर भुरभुरायचा, पांढरा धूर उठला की कथलाची कांडी टेकवायची आणि वितळलेलं कथील कापसाच्या बोळ्याने भराभर फिरवायचं. पिवळं पातेलं आतून चंदेरी होतं. कल्हई नसली तर ताक, आमटी कळकते, हे प्रत्येक घराला ठाऊक होतं. दूध कळकत नाही, म्हणून दुधाची कोणी काळजी केली नाही. पण दुधातलं केसीन तांबं ओढून घेतं, साध्या पाण्यापेक्षा कितीतरी जास्त. त्यात नवजात बाळाचं यकृत आधीच तांब्याने भरलेलं असतं; आईच्या पोटात असतानाच ती पुंजी साठते, आणि पित्तावाटे ते बाहेर टाकण्याची व्यवस्था अजून कच्ची असते. आईच्या दुधात तांबं थोडंच असतं. पितळी पातेल्यातल्या दुधात ते कितीतरी जास्त.

मग एकाच पातेल्यातलं दूध पिऊन एक मूल जगलं आणि दुसरं गेलं, ते का? ऑस्ट्रियाच्या टिरोल भागातली हकिकत इथे लावून पाहावी. तिथे १९०० ते १९७४ या काळात १३८ बालकं अशाच आजाराने गेली. तिथेही गाईचं दूध बिनकल्हईच्या तांब्याच्या भांड्यात उकळून बाळांना देत. इन्सब्रुकच्या संशोधकांनी घराण्यांच्या वंशावळी मांडल्या, तेव्हा आजार अनुवांशिक निघाला: आईकडून एक आणि बापाकडून एक, अशा दोन बिघडलेल्या प्रती मिळालेल्या मुलांनाच तो होत होता. विल्सनचं जनुक तपासलं, तर ते निर्दोष होतं. म्हणजे बिघाड दुसऱ्याच कुठल्या जनुकात होता. याउलट अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या तीन गावांच्या पाण्यात लिटरमागे आठ मिलिग्रॅमहून जास्त तांबं होतं, जागतिक आरोग्य संघटनेच्या दोन मिलिग्रॅमच्या मर्यादेच्या चौपट. तिथल्या लहान मुलांच्या नोंदी तपासल्या, तर यकृताच्या अशा आजाराने एकही मूल दगावलेलं नव्हतं. नुसतं तांबं पुरत नाही, आणि टिरोलमध्ये नुसतं जनुकही पुरलं नाही. भांडी बदलली आणि आजार थांबला. जनुकं तिथल्या माणसांत तशीच राहिली. भारतातही पितळी पातेल्यांची जागा स्टीलने आणि अॅल्युमिनियमने घेतली, डॉक्टरांनी आयांना सावध केलं आणि एकेकाळी वॉर्ड भरणारा हा आजार नव्वदच्या दशकात जवळजवळ दिसेनासा झाला. लवकर आलेली काही मुलं पुण्यात पेनिसिलामाइनने वाचलीही.

हे पेनिसिलामाइन मूळचं विल्सनच्या आजाराचं औषध. इंग्लंडचे जॉन वॉल्श यांना पेनिसिलिन घेणाऱ्या रुग्णांच्या लघवीत ते सापडलं होतं. त्याची रचना तांबं पकडेल असं त्यांच्या लक्षात आलं, रुग्णाला देण्याआधी त्यांनी ते स्वतः घेतलं आणि १९५६ साली त्याचा उपयोग प्रसिद्ध केला. पित्ताची वाट बंद असलेल्यांचं तांबं ते लघवीवाटे काढतं.

म्हणून एखाद्या शाळकरी मुलाला विनाकारण कावीळ झाली, किंवा चांगलं अक्षर अचानक बिघडलं, बोलणं घोगरं झालं, तर तांब्याची तपासणी करून घ्यायला हवी. निदान झालं की सख्ख्या भावंडांचीही लगेच, कारण त्या प्रत्येकाला तोच आजार असण्याची शक्यता चारांत एक असते. काहीही त्रास सुरू होण्याआधी सापडलेल्या अशा भावंडाला बहुधा जस्ताच्या गोळ्या पुरतात. जस्तामुळे आतड्याच्या पेशी मेटॅलोथायोनीन नावाचं प्रथिन जास्त बनवतात; जेवणातलं तांबं त्यात अडकतं आणि चार-सहा दिवसांत त्या पेशी झडल्या की त्यांच्याबरोबर निघून जातं. गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात. कालवं, कलेजी, काजू आणि चॉकलेट यांच्या बाबतीत हात आखडता घ्यावा लागतो, आणि तांब्याच्या भांड्यातलं पाणी त्या मुलासाठी बंद.