दवाखान्यात काय सांगावे, काय विचारावे

मंडळी, बदनापूर हे गाव मोठ्या सोयीच्या जागी आहे. एका अंगाला जालना, दुसऱ्या अंगाला छत्रपती संभाजीनगर. मधून सडकही जाते आणि आगगाडीही जाते. तालुक्यातच वरुडीला वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. संभाजीनगरला १९५६ साली निघालेले सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. त्याच्या रुग्णालयाला सारा मराठवाडा ‘घाटी’ या नावानेच ओळखतो. म्हणजे डॉक्टरच नाही म्हणून दुखणे अंगावर काढले, असे आता पूर्वीइतके म्हणता येणार नाही. आणि तरीसुद्धा आपल्याकडची कितीतरी दुखणी चार-चार महिने रेंगाळतात, पैसा जातो, कामाचे दिवस बुडतात. असे का होते, याचा आज थोडा विचार करू.

समजा, दुधनेच्या काठच्या एखाद्या खेड्यातला पंचेचाळीस वर्षांचा एक शेतकरी आहे. कापूस वेचणीच्या दिवसांत त्याला संध्याकाळचा बारीक ताप येऊ लागला. तो एका दवाखान्यात गेला आणि म्हणाला, “डॉक्टर, ताप हाय, सुई द्या.” रक्त तपासले. कागदावर ‘विडाल पॉझिटिव्ह’ असे आले. टायफाईडच्या गोळ्या झाल्या, सलाईन झाले, आठ दिवस बरे वाटले. पुन्हा ताप. आता दुसरा दवाखाना. तिथे पहिला कागद दाखवलाच नाही. पुन्हा रक्त, पुन्हा ‘विडाल’, पुन्हा गोळ्या. असे तीन वेळा झाले. या चार महिन्यांत त्याचे वजन सात किलो उतरले होते, महिन्याभराहून जास्त खोकला होता, आणि रात्री चार-चार वेळा लघवीला उठावे लागत होते. पण हे त्याने कोणालाच सांगितले नाही. का नाही सांगितले? तर, “इचारलंच न्हाई कुनी.”

हा शेतकरी कल्पनेतला आहे. पण आपल्यापैकी पुष्कळांना तो ओळखीचा वाटेल. त्याच्याच निमित्ताने तीन गोष्टी समजून घेऊ: तपासणीचा कागद काय सांगतो, संसर्गाचे दुखणे कसे असते, आणि जन्माची सोबत करणारे दुखणे कसे सांभाळायचे.

पहिली गोष्ट कागदाची. विडालची तपासणी १८९६ साली निघाली. ती टायफाईडचे जंतू शोधत नाही. त्या जंतूंशी लढण्यासाठी आपल्या रक्तात जी द्रव्ये तयार होतात, ती मोजते. आता आपल्या भागात टायफाईड नवा नाही. पूर्वी कधी तो होऊन गेला असेल, लस टोचली असेल, किंवा ताप भलत्याच कारणाचा असेल, तरीही ही तपासणी होकारार्थी येऊ शकते. तेव्हा नुसत्या त्या एका कागदावर टायफाईड ठरत नाही. जंतूविनाशक औषध सुरू करण्याआधी रक्त घेऊन त्यात जंतू वाढतात का हे पाहणे, ज्याला ‘ब्लड कल्चर’ म्हणतात, ही त्याहून भरवशाची तपासणी आहे. यात आणखी एक मेख आहे. टायफाईडसाठी दिल्या जाणाऱ्या काही गोळ्या क्षयाच्या जंतूंनाही थोडेसे दडपतात. रोग्याला आठ-पंधरा दिवस उतार वाटतो, आणि खरे दुखणे आतल्या आत वाढत राहते.

कागदावर प्रत्येक आकड्यासमोर ‘नॉर्मल’ म्हणून एक सीमा छापलेली असते. ती सीमा बहुतेक वेळा अशी ठरवतात की, शंभर निरोगी माणसांपैकी पंचाण्णवांचे आकडे तिच्या आत बसावेत. म्हणजे पाच निरोगी माणसे सीमेबाहेर राहणारच! एकाच वेळी वीस तपासण्या केल्या, तर धडधाकट माणसाचाही एखादा आकडा ठळक अक्षरात छापून येणे साहजिक आहे. म्हणून ठळक अक्षर पाहून घाबरू नये; आणि सारे आकडे सीमेत आहेत म्हणून त्रास होत असताना निर्धास्तही राहू नये. डॉक्टर कागद पाहतो तो तुमच्या तक्रारीच्या शेजारी ठेवून. तक्रारच सांगितली नाही, तर कागद मुका राहतो.

दुसरी गोष्ट संसर्गाची. आपल्या शेतकऱ्याची थुंकी शेवटी तपासली गेली आणि क्षय निघाला. दोन आठवड्यांहून अधिक खोकला, बारीक ताप, वजन उतरणे, रात्री घाम, थुंकीतून रक्त, यांपैकी काहीही असेल तर थुंकी तपासून घ्यावी. सरकारी दवाखान्यात ही तपासणी आणि पुढचे सारे औषध फुकट आहे. थुंकी म्हणजे तोंडातली लाळ नव्हे. चूळ भरून, दीर्घ श्वास घेऊन, छातीतून खाकरून काढलेला बेडका हवा. आता ‘सीबीनॅट’ आणि ‘ट्रूनॅट’ या यंत्रांवर जंतू तर कळतोच, शिवाय मुख्य औषधाला तो दाद देईल की नाही हेही कळते.

औषधाला दाद देणाऱ्या क्षयाचा उपचार साधारणपणे सहा महिन्यांचा: पहिले दोन महिने चार औषधे, पुढचे चार महिने तीन औषधे, आणि तीही रोज. महिन्या-दीड महिन्यात भूक लागते, ताप जातो, माणूस शेतावर जाऊ लागतो. नेमका तिथेच घात होतो. “आता बरं हाय की!” म्हणून गोळ्या बंद होतात. मेलेले असतात ते दुबळे जंतू. चिवट उरलेले असतात. शेतातले तण वरवर कापले आणि मुळे तशीच ठेवली, तर पहिल्या पावसाला काय होते, हे तुम्हाला मी सांगायला नको. पुन्हा उलटलेला क्षय कधीकधी त्याच औषधाला जुमानत नाही.

गोळ्या सोडण्याचे दुसरे कारण भीतीचे असते. या औषधांपैकी एकाने लघवी नारिंगी-तांबूस होते. ते रक्त नव्हे, औषधाचा रंग आहे. त्याने घाबरू नये. पण डोळे पिवळे झाले, सारख्या उलट्या होऊ लागल्या, किंवा नजर मंदावली, तर वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे.

क्षय झालेल्या माणसाला घराबाहेर काढण्याची वाईट चाल अजून कुठे कुठे दिसते. तिला आधार नाही. मद्रासला १९५६ साली क्षयाच्या औषधोपचाराचे संशोधन केंद्र निघाले. तेथे काही रोग्यांना आरोग्यधामात ठेवून आणि काहींना त्यांच्या दाटीवाटीच्या, गरिबीच्या घरीच ठेवून औषध दिले. १९५९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले: वर्षभर औषध घेतल्यावर घरी राहिलेले रोगीही जवळजवळ तितकेच सुधारले, आणि त्यांच्या घरच्या माणसांना त्यामुळे अधिक धोका झाला असे दिसले नाही. या कामाने साऱ्या जगातली उपचाराची पद्धत बदलली. औषध नीट सुरू झाले की संसर्गाची धास्ती झपाट्याने उतरते. घरच्यांनी तपासून घ्यावे, खोकताना तोंडावर कापड धरावे, खिडक्या उघड्या ठेवाव्यात. ताट वेगळे करण्याचे कारण नाही. सकस खाण्यासाठी सरकारच्या निक्षय पोषण योजनेतून क्षयरोग्याला उपचार चालू असेपर्यंत महिन्याला मदत मिळते. ती नोव्हेंबर २०२४ पासून ५०० ची १,००० रुपये झाली आहे. आशाताईंकडे किंवा सरकारी दवाखान्यात त्याची चौकशी करावी.

संसर्गाविषयी आणखी एक सांगून ठेवतो. साधी सर्दी आणि पुष्कळसे ताप विषाणूंचे असतात. जंतूविनाशक गोळ्यांनी ते एक दिवसही लवकर जात नाहीत. आणि सलाईन म्हणजे काही संजीवनी नव्हे. साध्या सलाईनच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असते, बाकी पाणी. ज्याला तोंडाने पिता येते, त्याला बहुधा तिची गरज नसते. “सलाईन लावाच” असा हट्ट रोग्याने धरायचा नसतो. कारण विचारायचे असते.

याउलट हिवतापाच्या शंकेत रक्त तपासायला मुळीच उशीर करू नये. बदनापूरवरून जाणारी हीच आगगाडीची वाट पुढे सिकंदराबादला पोचते. त्या सिकंदराबादेत २० ऑगस्ट १८९७ रोजी रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू सापडले. तेव्हापासून हिवतापाला ‘वारं लागलं’ म्हणायचे कारण उरले नाही. बोटातून घेतलेल्या रक्ताच्या थेंबावर त्याचा उलगडा होतो.

आता तिसरी गोष्ट, जन्माची सोबत करणाऱ्या दुखण्याची. आपल्या शेतकऱ्याची क्षयाबरोबर साखरही तपासली, आणि मधुमेह निघाला. हा योगायोग नव्हे. मधुमेहाच्या माणसाला क्षय होण्याचा धोका इतरांच्या दुप्पट-तिप्पट असतो. म्हणून क्षय निघाला की साखर तपासतातच. शिवाय क्षयाच्या एका औषधाने मधुमेहाच्या काही गोळ्यांचा जोर कमी होतो. आपण कोणकोणत्या गोळ्या घेतो हे प्रत्येक डॉक्टरला सांगायचे, ते यासाठी.

उपाशीपोटीची साखर म्हणजे आठ तास काही न खाता घेतलेले रक्त. पाणी चालते, चहा चालत नाही. तो आकडा १०० च्या खाली असला तर ठीक. १२६ किंवा अधिक आला, आणि दुसऱ्यांदा तपासूनही तसाच आला, तर मधुमेह समजतात. मधले आकडे सावधगिरीचे. तपासणीच्या आधी दोन दिवस कारल्याचा रस पिऊन आकडा उतरवणारे लोक मी पाहिले आहेत! पण ‘एचबीए१सी’ नावाची तपासणी तांबड्या रक्तपेशींना चिकटलेली साखर मोजते. त्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात, म्हणून ही तपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांचा झाडा देते. तिच्यापुढे दोन दिवसांची सोंगे चालत नाहीत. मात्र अंगात रक्त कमी असेल तर तिचा आकडाही फसवा येऊ शकतो. ते डॉक्टरांच्या कानावर घालावे.

मधुमेहाने पायांची जाणीव मंदावते. काटा मोडला, ढेकूळ लागले, तरी कळत नाही. म्हणून रानात अनवाणी जाऊ नये आणि रात्री पायांचे तळवे कोणाकडून तरी पाहून घ्यावेत. एकादशी, नवरात्र, रोजा असेल, तर गोळीचे किंवा इन्शुलिनचे काय करायचे ते आधी विचारून घ्यावे. पोट रिकामे आणि गोळी पोटात, अशाने साखर एकदम खाली येते. हातपाय कापतात, घाम सुटतो, माणूस भलतेच बोलू लागतो. शुद्ध असेल तर लगेच साखर किंवा गूळ खायला द्यावा. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालू नये, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

रक्तदाबाचेही तसेच. तो बहुधा दुखत-खुपत नाही, म्हणून गोळी सोडावीशी वाटते. मोजण्याआधी अर्धा तास चहा-तंबाखू नको, आणि पाच मिनिटे स्वस्थ बसावे. पुन्हा पुन्हा मोजूनही १४०/९० किंवा त्याच्या वर येत असेल, तर औषधाचा विचार करावा लागतो. गोळीने दाब आटोक्यात आला, याचा अर्थ गोळी काम करते आहे. दुखणे गेले असा नव्हे.

मग करायचे काय? एक साधी युक्ती सांगतो. मुलांच्या शंभर पानी वहीसारखी एक वही घरात ठेवा. तिच्यात प्रत्येक माणसाच्या दुखण्याची तारीख, औषधाचे नाव आणि तपासणीचे आकडे लिहा; कागद तारीखवार चिकटवा. दवाखान्यात ती वही न्या आणि सांगा: त्रास कधी सुरू झाला, कसा वाढला, वजन-भूक-झोप कशी आहे, घरात कोणाला काय झाले होते, आणि झाडपाल्यासकट कोणती औषधे घेतो. तंबाखू, बिडी, दारू लपवू नका. डॉक्टर काही सोयरिक जुळवायला बसलेला नाही!

आणि उठण्यापूर्वी चार प्रश्न विचारा. मला झाले आहे काय? ही तपासणी कशासाठी, आणि तिच्यावरून काय ठरणार? औषध किती दिवस, आणि चुकले तर काय करू? परत केव्हा येऊ, आणि काय झाले तर लगेच यायचे? उत्तरे ऐकून एकदा आपल्या शब्दांत म्हणून दाखवा: “म्हंजे डॉक्टर, ही सकाळी जेवणाआधी, अन् ही रात्री, बरोबर ना?” गर्दीच्या वेळी डॉक्टर जरा कुरकुरला तरी चालेल. चार महिने वाया जाण्यापेक्षा चार मिनिटे बरी.

गुरुजींनो आणि बाईंनो, गावात कागद वाचून घ्यायला लोक तुमच्याकडे येतात. तुम्ही निदान करू नका. कागदावर नाव-वय त्याच माणसाचे आहे ना, तारीख कोणती, साखर उपाशीपोटीची की जेवणानंतरची, एवढे पाहा. वहीत लिहून द्या, विचारायचे प्रश्न पाठ करून द्या. आणि वाचलेले पारावर बोलू नका. क्षयाचे नाव गावभर झाले या भीतीने रोगी उपचार सोडतो, आणि मग नुकसान साऱ्या गावाचे होते. जाणे-येणे अवघड असेल तर ‘ई-संजीवनी’ या सरकारी सेवेतून फोनवर डॉक्टरांचा सल्ला मिळतो, तो मिळवून द्यायलाही तुमचा हात लागेल.

आपला तो शेतकरी सहा महिने गोळ्या घेईल, साखर सांभाळील, तर पुढच्या वेचणीला आपल्या रानात उभा राहील. त्यासाठी त्याला एवढेच करायचे आहे, की न विचारता सांगायचे आणि न लाजता विचारायचे.