सुपारी घेणारा माणूस आणि न बोलणारा चित्रपट

गुन्हेपट म्हटला की पाठलाग, गोळीबार, टाळ्या घेणारे संवाद आपल्या डोळ्यांसमोर येतात. हे सगळं काढून घेतलं, तर उरतं काय? आज आपण ते एका फ्रेंच चित्रपटात पाहू. १९६७ सालचा 'ल सामुराय', दिग्दर्शक झाँ-पिएर मेलव्हिल. नायक जेफ कॉस्टेलो सुपारी घेऊन खून करतो. भूमिका आलँ दलाँची.

सुरुवातच बघा. करडी, अंधारी खोली, पलंगावर पडलेला माणूस, सिगरेटचा धूर, पिंजऱ्यातल्या पक्ष्याची चिवचिव. जवळपास दहा मिनिटं कुणी बोलतच नाही. जेफ रस्त्यावरच्या एका गाडीत बसतो, किल्ल्यांचा जुडगा काढतो आणि एकेक किल्ली लावून पाहतो. नजर मात्र समोर. मग एका गॅरेजमध्ये गाडीची नंबरप्लेट बदलली जाते, हातात पिस्तूल येतं. तिथंही शब्द नाही.

आता गंमत अशी, की हेच सगळं पुढे पुन्हा घडतं. पण या खेपेला गॅरेजवाला बोलतो: ही शेवटची वेळ. एवढंच! पण शांततेची सवय झालेल्या आपल्या कानांना ते साधं वाक्य धोक्याच्या घंटेसारखं ऐकू येतं. कमीत कमी वापरायचं ते यासाठी. म्हणजे छोटासा बदलही मोठा होतो. पोलीस जेफच्या खोलीत चोरून मायक्रोफोन लावतात. कुणीतरी येऊन गेलंय, हे त्याला कळतं ते पक्ष्याच्या फडफडीवरून.

आणि शेवट? क्लबातल्या पियानोवादक बाईनं जेफला खुनानंतर समोरासमोर पाहिलेलं असतं, तरी पोलिसांपुढे ती ओळख देत नाही. नंतर तिचीच सुपारी त्याच्याकडे येते. तो क्लबात येतो, हॅट जमा करतो, पण बिल्ला काउंटरवरच ठेवतो. हॅट परत न्यायची नाहीये, हे आपल्याला तिथंच कळायला हवं. तो तिच्यावर पिस्तूल रोखतो आणि पोलिसांच्या गोळ्यांनी पडतो. त्याच्या पिस्तुलात एकही गोळी नसते.

का? चित्रपट सांगत नाही. पश्चात्ताप, थकवा, की त्याच्या धंद्याचाच काही नियम? पावणेदोन तास आपण त्याचे फक्त हात पाहिले, मन नाही. तरी आपण एका खुन्यासाठी हळहळतो. ही हळहळ मेलव्हिलनं मागितलेली नाही. ती आपली आपण आणली. ती कुठून आली, याचा घरी जाताना विचार करूया.