नांव सांगण्याची सक्ति : मुद्रा, दस्तक आणि आजचा कायदा

महाराष्ट्रांत प्रतापगड एकच नाहीं. जावळीच्या खोऱ्यांतील सर्वांस ठाऊक आहे. दुसरा गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगांव तालुक्यांत, नवेगांवबांधाच्या बाजूस आहे. हा मुलूख पूर्वीं नागपूरकर भोसल्यांकडे व मागाहून भंडारा जिल्ह्यांत होता. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजीं निराळा झाला. येथें महाशिवरात्रीस महादेवाची यात्रा भरते, आणि ख्वाजा उस्मान गनी हारुनी यांचा दर्गाही येथेंच असल्यामुळें दोन्ही धर्मांचे लोक येतात. किल्ल्याचे अवशेष पाहण्यास आमच्यासारखे शोधकही जातात. परंतु प्रांत जंगलाचा आणि नक्षलवादी चळवळीची झळ बरीच वर्षें सोसलेला; वाटेंत पोलिसानें 'आपण कोण, कोठले?' असें विचारणें तेथें नवलाचें नाहीं. मग या प्रश्नास उत्तर देण्यास मनुष्य कायद्यानें बांधलेला आहे काय?

प्रश्न जुना आहे. म्हैसूरच्या ग्रंथालयांतील ताडपत्रांवरून शामशास्त्र्यांनीं १९०९ मध्यें प्रसिद्ध केलेल्या कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणांत 'मुद्राध्यक्ष' नांवाचा अधिकारी सांगितला आहे. एक माषक घेऊन तो मुद्रा देई, व मुद्रा असलेल्यानेंच जनपदांत यावें-जावें असा नियम होता. देशांतील मनुष्य मुद्रेवांचून सांपडल्यास त्यास बारा पण दंड. मुद्रा खोटी असल्यास पूर्वसाहस, आणि खोटी मुद्रा बाळगणारा परदेशीय असल्यास उत्तमसाहस दंड. नगरांत रात्रीचा संचार बंद असे; मात्र बाळंतपणासाठीं, वैद्यासाठीं, प्रेतासाठीं किंवा आग लागली म्हणून निघालेल्यास, दिवा घेऊन चालणाऱ्यास, तसेंच मुद्रा जवळ असलेल्यास धरूं नये असें स्पष्ट सांगितलें आहे. वेष पालटून हिंडणारा मात्र दंडास पात्र. येथें नांव कोणी विचारीत नाहीं; राजानें दिलेली वस्तु हातांत आहे कीं नाहीं, एवढेंच पाहतात. गमतीची गोष्ट अशी कीं कौटिल्याचा 'नागरिक' म्हणजे नगराचा अधिकारी, प्रश्न विचारणारा; आमचा 'नागरिक' तो प्रश्न ऐकणारा!

पेशवाईंत मुद्रेची जागा दस्तकानें घेतलेली दिसते. मोडी दप्तरें चाळणारांस हे कागद अपरिचित नाहींत. पुण्यांत रात्रीची तोफ झाल्यावर रस्त्यांत सांपडलेल्यास कोतवालाचे लोक धरून नेत. ही सत्ता बेलगाम झाली म्हणजे काय होतें तें १७९१ च्या ऑगस्टांत दिसलें. घाशीराम कोतवालाच्या बागेंत उतरलेल्या तैलंग ब्राह्मणांस फळें तोडल्याच्या आरोपावरून एका कोंदट खोलींत कोंडण्यांत आलें. ते कोण, कोठून आले, त्यांचा अपराध किती, याची चौकशी झाली नाहीं. कित्येक गुदमरून मेले. खवळलेल्या ब्राह्मणांच्या हातीं घाशीरामास देण्यांत आलें व त्याचा दगडांनीं अंत झाला. ही कथा घाशीरामाच्या क्रौर्याची म्हणून सांगतात. आमच्या मतें ती विनाचौकशी अडकवून ठेवण्याच्या अधिकाराची आहे. क्रूर माणूस त्या अधिकारास नेहमींच सांपडतो.

इंग्रजी अमलांत उलट प्रकार घडला. १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्यानें कांहीं जातींच्या लोकांस नोंदणी, हजेरी व परवान्यावांचून गांव न सोडणें हीं बंधनें लागूं झालीं. तेथें नांव सांगितल्यानें सुटका होत नसे. जमातीचें नांव हाच आरोप होता. हा कायदा १९५२ मध्यें रद्द झाला.

आतां चालू कायदा. १८९८ च्या फौजदारी संहितेंत कलम ५७, १९७३ च्या संहितेंत कलम ४२, व १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेंत कलम ३९, अशी ही परंपरा आहे. तिचा आशय असा: ज्यानें पोलिस अधिकाऱ्यासमक्ष अदखलपात्र गुन्हा केला, किंवा ज्यावर तसा आरोप आहे, त्यानें मागितलें असतां नांव व राहण्याचें ठिकाण सांगितलें नाहीं, अथवा अधिकाऱ्यास खोटें वाटेल असें सांगितलें, तर तें निश्चित करण्यापुरती अटक करतां येते. निश्चित होतांच जातमुचलक्यावर सोडावें लागतें. चोवीस तासांत न झाल्यास दंडाधिकाऱ्यापुढें न्यावें लागतें. म्हणजे सरसकट प्रत्येकानें नांव सांगावें अशी सक्ति या कलमांत नाहीं. सक्तीस आधीं कारण लागतें.

कारणें मात्र आणखीही आहेत. मोटार चालविणाऱ्यानें गणवेशांतील अधिकाऱ्यास परवाना दाखविलाच पाहिजे (१९८८ चा मोटारवाहन कायदा, कलम १३०). गुन्ह्याच्या तपासांत साक्षीदारानें, स्वतःस गोवणारे प्रश्न सोडून, इतरांस खरीं उत्तरें द्यावीं लागतात; मात्र साठ वर्षांवरील पुरुषास त्यासाठीं राहत्या घराबाहेर बोलावतां येत नाहीं, हें आमच्या वयाच्या वाचकांनीं ध्यानीं ठेवावें. गुन्हा टाळण्यासाठीं दिलेली कायदेशीर आज्ञाही पाळावी लागते. म्हणून नाक्यावर थांबण्याविषयीं वाद घालणें शहाणपणाचें नव्हे. खोटें नांव सांगणें तर गप्प राहण्याहून वाईट. आणि एक बाब कौटिल्यानेंही सुचविली नव्हती: अटक करणाऱ्या अधिकाऱ्यानें स्वतःचें नांव स्पष्ट दिसेल असें अंगावर लावलें पाहिजे. डी. के. बसू खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें १९९६ मध्यें हें बंधन घातलें. तें आतां संहितेच्या कलम ३६ मध्यें आहे.

प्रतापगडाकडे वा अन्य किल्ल्याकडे जाणाऱ्या संग्राहकानें आपलें नांव व कामाचें प्रयोजन मोकळेपणानें सांगावें, असेंच आम्ही म्हणूं. दप्तरांतील पोथीविषयीं विचारणा झाल्यास केवळ नांवानें भागणार नाहीं. १९७२ च्या पुरावस्तु कायद्याप्रमाणें पंचाहत्तर वर्षांहून जुनें महत्त्वाचें हस्तलिखित पुरावस्तु ठरतें, आणि तें सचित्र असेल तर त्याची नोंदणी लागते. अशी पोथी बरोबर नेणाऱ्यानें नोंदणीच्या दाखल्याची प्रत तिच्याच रुमालांत बांधावी.