कर्लीच्या सुकतीवर

पहाटे साडेपाच. नारळी पौर्णिमा काल झाली. देवबागच्या एका अंगाला समुद्र गाजतोय, दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी सुकत चाललीय. मधे माडांची चिंचोळी पट्टी नि एकच रस्ता. पुनवेच्या सुमाराला सुकती पहाटे आणि संध्याकाळी मिळते, मग रोज साधारण पाऊण तास पुढे सरकते. आमच्या कामाच्या वेळा पंचांग ठरवतं.

सहाला होडी कांदळवनाशी. पायात चप्पल नको, चिखल ती ठेवून घेतो. आधी शेंगा गोळा करायच्या. कांदळाचं बी झाडावर असतानाच रुजतं. फळातून निघालेली हिरवी शेंग हातभर लोंबते. हलकेच धरली की सुटते ती पिकलेली. ओढावी लागली, तर तिला अजून झाडावरच राहू द्यायचं.

सातनंतर लावणी. एका सखल तुकड्याजवळ मी बसले, तर नानांनी होडीतूनच हाक दिली, "बाय, हंय पाणी साचता गो. हंय लावलंस तर कुजतला." त्यांचं बरोबर होतं. याच खाजणात एका जुन्या बांधानं पाणी तुंबलं होतं. तिवराची मुळं चिखलातून वर येऊन श्वास घेतात. ती सतत बुडाली आणि उभी झाडं वाळली. दोन वर्षं आम्ही तिथे रोपं लावत राहिलो, मरत राहिली. शेवटी बांधाला तोंड पाडलं, चर मोकळा केला. चूक लावणीत नव्हती, पाण्याच्या वाटेत होती, हे कळायला आम्हाला दोन पावसाळे लागले.

दुपारी भरती. रोपवाटिकेत पिशव्या भरायच्या, नोंदी लिहायच्या. याच वेळी मला कागदावरचा हिशेब छळतो. किनारा नियमन क्षेत्राच्या (सीआरझेड) २०१९च्या अधिसूचनेनुसार, अपवाद म्हणून परवानगी मिळालेल्या रस्त्यासाठी कांदळवन गेलं, तर तिप्पट क्षेत्रावर दुसरीकडे लागवड करायची. अशाच भरपाईसाठी अमेरिकेत पाणथळींच्या 'बँका' आहेत: आधी जागा सावरायची, तिथलं पाणी आणि झाडोरा तपासला जाईल तसतसं श्रेय टप्प्याटप्प्यानं मिळतं, आणि बांधकाम करणारा ते विकत घेतो. जगलेल्या झाडोऱ्याकडे बघून हिशेब करायची ही रीत मला पटते. पण जुन्या चिपीच्या बुंध्याला चिकटलेली कालवं, मुळांत दडलेली कुर्ली, गुंजल्याची पिल्लं, हे सगळं तिप्पट रोपांत कुठे मोजायचं? मुंबई उच्च न्यायालयानं २०१८ साली कांदळवनं तोडण्यावर राज्यभर बंदी कायम केली, ती मला म्हणूनच मोलाची वाटते. भरपाई ही शेवटची वाट असावी, पहिली नव्हे.

साडेपाचला पुन्हा सुकती. तोंड पाडलेल्या बांधापलीकडे दोरीची चौकट टाकून रोपं मोजली. आमच्या कांदळाभोवती तिवराची इवली रोपं दाटीनं उभी होती. ती कुणी लावलेली नाहीत. पाण्यानं आणून टाकलीत. वहीत मी पहिल्या ओळीत चराची खोली लिहिली, रोपांचा आकडा त्याखाली.

नाना म्हणाले, "चर भरता हा. उद्या फावडो घेवन ये."