डॉल्फिन दिसला की आधी खाली बसा

देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते. सकाळी पर्यटकांच्या होड्या त्या मुखातून बाहेर पडतात आणि थोड्याच वेळात कुणीतरी ओरडतं, "तो बघा, तो बघा!" मोबाइल वर होतात आणि सगळी माणसं एका काठाला उभी राहतात. होडीला आणि डॉल्फिनलाही सर्वांत जास्त धोका असतो तो याच क्षणी.

होडी कलली की त्या बाजूचा जास्त भाग पाण्यात जातो. तिथे पाण्याचा वर उचलणारा जोर वाढतो आणि होडी पुन्हा सरळ होते. पण हा जोर कितपत कामी येईल, ते गुरुत्वमध्य किती खाली आहे यावर ठरतं. माणसं बसलेली असली की तो खाली राहतो. उभी राहिली की वर चढतो, एका काठाला धावली की तिकडे सरकतो. एरवी होडीला नुसती डोलवून गेली असती, तीच लाट मग काठावरून आत येते. मुखाशी तर ओहोटीचं बाहेर जाणारं पाणी लाटांच्या अंगावर जातं. लाटा आखडतात, उंच आणि उभ्या होतात. तांडेल "बसून घ्या" म्हणतो ते उगाच नाही.

लाइफ जॅकेटचंही तसंच. माणसाच्या शरीराची घनता जवळपास पाण्याइतकीच असल्यामुळे तोंड पाण्याबाहेर ठेवायला चार-पाच किलोंचा जादा आधार पुरतो. मात्र पट्टे सैल असले तर पाण्यात पडताक्षणी जॅकेट वर सरकतं आणि माणूस खालीच राहतो. खांद्याशी धरून वर ओढून पाहावं. कानापर्यंत आलं तर ते घातल्यात जमा नाही.

आता डॉल्फिनची बाजू. या किनाऱ्यालगत दिसणारे बरेचसे डॉल्फिन हंपबॅक जातीचे. ही जात जागतिक पातळीवर संकटग्रस्त ठरलेली आहे आणि १९७२च्या वन्यजीव कायद्याने तिला पहिल्या अनुसूचीचं संरक्षण दिलं आहे. उथळ, गढूळ पाण्यात डोळ्यांचा फारसा उपयोग नाही. भक्ष्य शोधायचं ते प्रतिध्वनीवरून, एकमेकांना साद घालायची ती शिट्यांनी. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १५०० मीटर जातो, हवेतल्या चौपटीहून जास्त वेगाने. इंजिनाचा पंखा जोरात फिरला की पात्यांपाशी असंख्य बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि त्यांचा गोंगाट दूरवर पोचतो. चार होड्यांनी कळपाला घेरलं तर आईची शिटी पिल्लाला ऐकू येणं कठीण होतं. वेग उतरवला की बुडबुडे घटतात, आवाजही बसतो.

जाणता तांडेल कळपाच्या वाटेत होडी आडवी घालत नाही. बाजूने, सावकाश, समांतर नेतो आणि अंतर राखून इंजिन न्यूट्रलला टाकतो. "अजून जवळ घ्या" हा धोशा आपणच लावतो आणि पुढचं गिऱ्हाईक जाईल या धास्तीने तो ऐकतो. म्हणून काठावर पैसे ठरवतानाच त्याला सांगावं, की लांबूनच दाखवा, पाठलाग नको. इंजिन कोणतं तेही विचारावं. जुन्या पद्धतीच्या टू-स्ट्रोकमधून इंधनाचा मोठा हिस्सा, कधी पाव भागापर्यंत, न जळताच बाहेर पडतो. फोर-स्ट्रोकची होडी मिळत असेल तर थोडे जास्त पैसे देऊन तीच घ्यावी.