बेनेगल, श्याम
(१४ डिसेंबर १९३४ – २३ डिसेंबर २०२४). विख्यात भारतीय चित्रपट व दूरचित्रवाणी दिग्दर्शक. जन्म हैदराबादनजीक त्रिमुलघेरी येथे, एका कोकणीभाषक कुटुंबात. वडील श्रीधर हे व्यवसायाने छायाचित्रकार. उस्मानिया विद्यापीठातून अर्थशास्त्र विषयात एम्.ए. विद्यार्थिदशेतच हैदराबाद फिल्म सोसायटीच्या स्थापनेत त्यांनी पुढाकार घेतला. १९५९ मध्ये मुंबईतील एका जाहिरातसंस्थेत ते मजकूरलेखक म्हणून रुजू झाले. पुढे त्यांनी शेकडो जाहिरातपट केले. घेर बेठा गंगा (१९६२) हा गुजराती अनुबोधपट ही त्यांची पहिली स्वतंत्र निर्मिती होय. पुणे येथील भारतीय चित्रपट व दूरचित्रवाणी संस्थेत त्यांनी अध्यापन केले व पुढे तिचे अध्यक्षपदही भूषविले.

अंकुर (१९७४) ह्या पहिल्या कथापटाची संहिता निर्मात्याअभावी अनेक वर्षे पडून होती. अखेर जाहिरातपटांचे वितरण करणाऱ्या ‘ब्लेझ’ या संस्थेने भांडवल पुरविले. तेलंगणातील जमीनदारी व दलित स्त्रीचे शोषण हा त्याचा विषय. शबाना आझमी यांचे चित्रपटसृष्टीतील पदार्पण त्यातूनच झाले. त्यानंतरच्या निशांत (१९७५) व मंथन (१९७६) यांच्या पटकथा विजय तेंडुलकर यांच्या. मंथनसाठी गुजरातमधील पाच लाख दूध-उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये दिले. सहकारी दूधसंस्थेवरील ह्या चित्रपटात बाहेरून आलेला अधिकारी अखेरीस गाव सोडून जातो व संस्था चालविण्याची जबाबदारी गावकऱ्यांवरच येते. ज्यांचे जीवन चित्रित केले, तेच निर्माते व प्रेक्षकही ठरले. गंभीर चित्रपटाला भांडवल कोठून मिळावे, ह्या प्रश्नाला मिळालेले हे अपूर्व उत्तर होते.

भूमिका (१९७७) हा चित्रपट हंसा वाडकर यांच्या सांगत्ये ऐका ह्या आत्मकथनावर आधारलेला असून, त्यातील अभिनयाबद्दल स्मिता पाटील यांना राष्ट्रीय पुरस्कार लाभला. जुनून, कलयुग (१९८१), मंडी (१९८३), गोव्यातील पोर्तुगीज राजवटीच्या अखेरच्या पर्वावरील त्रिकाल (१९८५), सूरज का सातवाँ घोडा (१९९२), मम्मो (१९९४) व झुबैदा (२००१) हे त्यांचे अन्य उल्लेखनीय चित्रपट. गोविंद निहलानी यांचे छायाचित्रण व वनराज भाटिया यांचे संगीत यांचा त्यांच्या आरंभीच्या कृतींत मोठा वाटा आहे.

यात्रा (१९८६) ही मालिका त्यांनी रेल्वेप्रवासाच्या पार्श्वभूमीवर रचली. जवाहरलाल नेहरूंच्या द डिस्कव्हरी ऑफ इंडिया या ग्रंथावर आधारलेली भारत एक खोज (१९८८) ही ५३ भागांची मालिका मात्र त्यांच्या दूरचित्रवाणीवरील कार्याचा मानदंड ठरली. इतिहासाचे निवेदन व नाट्यप्रवेश यांची गुंफण हे तिचे वैशिष्ट्य. संविधाननिर्मितीवरील संविधान (२०१४) ही त्यांची उत्तरकालीन मालिका. मुजीब (२०२३) हा त्यांचा अखेरचा चित्रपट.

पद्मश्री (१९७६), पद्मभूषण (१९९१) व २००५ चा दादासाहेब फाळके पुरस्कार हे त्यांना लाभलेले प्रमुख सन्मान. २००६ ते २०१२ या काळात ते राज्यसभेचे नामनियुक्त सदस्य होते. मुंबई येथे त्यांचे निधन झाले.

बेनेगल यांनी करमणूकप्रधान चित्रपटांतील ठरीव साचे नाकारले. तथापि कथेची सुबोधता सोडली नाही. जात, जमीन व स्त्रीचे स्वातंत्र्य ह्यांसारखे प्रश्न त्यांनी उपदेशाचा आश्रय न घेता, माणसांच्या परस्परसंबंधांतून उभे केले. त्यामुळे समांतर चित्रपटाला मर्यादित रसिकवर्तुळाबाहेरील प्रेक्षक मिळू शकला.